शनिवारचा जोडतास

सोलापुरात वर्षातून दोनदा भर दुपारी सावली पायाखाली जाते. आपलं गाव कर्कवृत्ताच्या बरंच खाली, साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळं सूर्य उत्तरेकडं जाताना एकदा आणि दक्षिणेकडं परतताना एकदा बरोबर आपल्या डोक्यावर येतो. पहिला दिवस मे महिन्याच्या दहा-अकरा तारखेच्या आसपासचा. तेव्हा शाळेला सुट्टी असते आणि गच्चीवर पाय ठेवायची सोय नसते. दुसरा ऑगस्टच्या अगदी सुरुवातीला येतो. त्या दिवसांत मुंबई-पुण्याकडं आभाळ गच्च भरलेलं असतं. आपण पडलो पर्जन्यछायेतले, आपल्याकडं ऑगस्टातही लख्ख ऊन पडतं. ज्या कोरड्या हवेला आपण बारा महिने नावं ठेवतो, तिच्यामुळंच शाळा सुरू असताना, शाळेच्याच मैदानावर, सगळ्या वर्गानं मिळून शून्य सावली बघायची संधी सोलापूरच्या मुलांना जास्त मिळते.

मला हे आठवीत कळलं. पर्जन्यछाया भूगोलाच्या पुस्तकात होती, सूर्याचं भासमान भ्रमण भलत्याच धड्यात होतं, आणि दोन्ही आम्ही परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. ते एकत्र आणून आमच्या मैदानावर उभं केलं ते आमच्या विज्ञानाच्या बाईंनी, शनिवारच्या जोडतासाला.

शनिवारी आमची सकाळची शाळा असायची. आधी कवायत, मग गणित, आणि शेवटचे दोन तास सलग विज्ञानाचे. मधली घंटा वाजली तरी कुणी उठायचं नाही. हे दोन तास सलग मिळावेत म्हणून बाईंनी वेळापत्रक करणाऱ्या सरांच्या मागं लागून एक तास अदलाबदल करून घेतला होता, एवढं आम्हाला ठाऊक होतं. त्याची किंमत मला आत्ता कळते. पस्तीस मिनिटांच्या तासात हजेरी होते, फळा पुसला जातो, मागच्या धड्याचे प्रश्न होतात, आणि चंचुपात्रात पाणी ओतेपर्यंत घंटा होते. पाणी तापायला, गाळ खाली बसायला, सावली सरकायला जो वेळ लागतो, तो विज्ञानाला कुठंतरी द्यावाच लागतो. प्रयोगशाळा नसली तरी शाळेचं चालून जाईल. सलग वेळ नसेल तर मात्र चालत नाही, असं माझं ठाम मत आहे.

प्रयोगवहीचीही त्यांची एक पद्धत होती. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हा क्रम सगळ्या शाळांत असतो आणि मागच्या वर्षीच्या मुलीची वही मिळाली की रविवारच्या दुपारी तो उतरवूनही होतो. बाईंनी निरीक्षण आणि अनुमान ही दोन कलमं वेगळ्या पानांवर नेली. डाव्या पानावर फक्त जे डोळ्यांनी दिसलं आणि हातानं मोजलं ते. उजव्या पानावर त्यातून काय वाटतं ते. उजव्या पानाला त्या फारसं लाल पेन लावत नसत. डाव्या पानावर मात्र कुणालाच सूट नव्हती. ‘पाणी घाण होते’ असं कुणी लिहिलं की त्याखाली रेघ यायची आणि बाजूला प्रश्न: ‘रंग? वास? गाळ?’ मी आज रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करते आहे आणि कॉलेजच्या जर्नलमध्येही ती दोन पानं वेगळीच ठेवते.

सावलीचा प्रयोग त्या वर्षी सप्टेंबरात झाला. २०१९ चा शरद संपातदिन २३ सप्टेंबरला, सोमवारी होता. सूर्य विषुववृत्तावर यायला शनिवारची वाट बघत नाही, म्हणून बाईंनी त्या सोमवारी आमचा दुपारचा तास मागून घेतला. मैदानात एक मीटर लांबीची सरळ सळई ओळंबा लावून उभी केली. खाली जमीन सपाट हवी म्हणून कॅरमचा जुना बोर्ड पालथा घालून त्यावर कागद चिकटवला होता. बाराला दहा कमी असताना सुरुवात झाली. दर पाच मिनिटांनी एकीनं सावलीच्या टोकावर पेन्सिलीनं टिंब करायचं, दुसरीनं वेळ सांगायची, तिसरीनं लिहायचं.

आमच्यातल्या बहुतेकींना खात्री होती की सर्वांत लहान सावली बरोबर बाराला पडणार. बारा वाजले आणि सावली अजून आखडतच होती. बारा पाच, बारा दहा, तरी तेच. सगळ्यांत लहान सावली मिळाली बारा वाजून वीस मिनिटांच्या टिंबाला, आणि त्यापुढची टिंबं पुन्हा लांब जायला लागली. घड्याळ चुकलंय का, म्हणून दोघीजणी ऑफिसातलं घड्याळ बघून आल्या. घड्याळ बरोबर होतं. मग बाईंनी मैदानातच बसवून समजावलं. आपली घड्याळं सोलापूरच्या सूर्यावर लावलेली नाहीत, ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावरच्या, म्हणजे प्रयागराजजवळून जाणाऱ्या रेषेवरच्या सूर्यावर लावलेली आहेत. आपण त्याच्या साडेसहा अंशांहून थोडं अधिक पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला माध्यान्ह सव्वीस मिनिटं उशिरा. त्यातून पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली, त्यामुळं सप्टेंबराच्या त्या दिवसांत सात-साडेसात मिनिटं वजा होतात. उरली एकोणीस. आमचं टिंब वीसचं होतं, कारण आम्ही पाच-पाच मिनिटांनी मोजत होतो.

सावलीची लांबी भरली ३२ सेंटिमीटर. वर्गात येऊन कागदावर काटकोन त्रिकोण काढला, एक बाजू १०० मिलिमीटर, दुसरी ३२, आणि टोकाशी कोनमापक ठेवला. कुणाचा कोन साडेसतरा आला, कुणाचा अठरा. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या डोक्यावर, म्हणून हा कोन म्हणजेच आपला अक्षांश. नकाशात सोलापूरचा अक्षांश पाहिला, तो जुळला. मग एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर हे धरून गुणाकार केला: विषुववृत्त आमच्या शाळेपासून दक्षिणेला साधारण १,९६५ किलोमीटरवर. बावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एराटोस्थेनिसनं अशाच सावलीवरून सगळ्या पृथ्वीचा घेर काढला होता, ही गोष्ट बाईंनी त्या गुणाकारानंतर सांगितली. आधी सांगितली असती तर ती एका थोर माणसाची गोष्ट राहिली असती. नंतर सांगितल्यामुळं आम्हाला ती ओळखीची वाटली.

पाण्याचा प्रकल्प मात्र मैदानात नाही, आमच्या घराघरांत झाला.

सोलापूरकरांना पाण्याबद्दल काही सांगायला नको. उजनी शंभरावर किलोमीटर लांब, आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. पाणी यायच्या दिवशी घरातलं एक माणूस अडकलेलं असतं. ड्रम, हौद, घागरी, पातेली, सगळं भरून ठेवायचं आणि पुढची पाळी येईपर्यंत पुरवायचं. बाईंनी प्रश्न टाकला: भरलेलं पाणी पहिल्या दिवशी आणि चौथ्या दिवशी एकच असतं का? आमच्यातल्या अर्ध्या म्हणाल्या, एकच. आज्ज्यांचं म्हणणं पडलं की शिळं पाणी ते शिळंच.

जंतू मारायला नळाच्या पाण्यात क्लोरीन घालतात. तो तपासायची एक सोपी चाचणी असते. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे, थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो, आणि तो सोबतच्या रंगपट्टीशी ताडून बघायचा. थेंब बाई स्वतः टाकायच्या, आम्हाला बाटलीला हात लावू देत नसत. नळापाशी आलेल्या पाण्यात लिटरमागं निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा, असं मानक आहे. आम्ही रोज घरून छोट्या बाटल्यांत पाणी आणत होतो: नुकतं आलेलं, एक दिवसाचं, दोन दिवसांचं, झाकलेल्या ड्रममधलं, उघड्या हौदातलं. पाणी आलं त्या दिवशीचा नमुना छान पिवळा. दुसऱ्या दिवशी फिकट. उघड्या, उन्हातल्या हौदाच्या पाण्यात त्यानंतर रंगच येईना. झाकलेल्या, सावलीतल्या ड्रमनं थोडा जास्त तग धरला. पुढं त्या पाण्यात बाहेरून काही पडलं, हात बुडाला, तर त्याला अडवणारं पाण्यात काही उरलेलं नसतं. आमच्या घरी तेव्हापासून पिण्याच्या पाण्याला लांब दांड्याचा वगराळा आला. आईनं ते तक्ता बघून केलं. मी आधी नुसतं तोंडानं सांगितलं होतं, तेव्हा तिनं ऐकलं नव्हतं.

त्याच पाण्यातून दुसरा धागा निघाला. एकीच्या बाटलीत अळ्या आल्या. बाईंनी ती बाटली फेकू दिली नाही. तोंडाला मलमलीचं फडकं बांधून खिडकीत ठेवली आणि पुढचे दिवस आम्ही तिच्याभोवती घोळका करायचो. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटाकडून लटकते, डोकं खाली. शेपटाशीच तिची श्वासनळी असते. सावली पडली, बाटलीला धक्का लागला, की वळवळत तळाला जाते आणि थोड्या वेळानं परत वर येते. मग ती स्वल्पविरामासारखी वाकडी होते, खाणं थांबवते, तो कोष. आणि एका सकाळी फडक्याखाली डास बसलेला होता, पायांवर पांढरे पट्टे असलेला. डेंग्यू पसरवणारा एडिस. अंड्यातून निघाल्यापासून डास व्हायला आपल्याकडच्या उबेत आठवडा ते दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून ‘कोरडा दिवस’ पाळा असं आरोग्यखात्याची माणसं का सांगतात, ते बाटलीकडं बघून आपोआप कळलं.

पण एक गोष्ट त्या सांगण्यात नेहमी मागं पडते आणि ती मला इथं लिहायचीच आहे. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, आणि पाणी पुन्हा तिथवर चढलं की फुटतात. म्हणजे ड्रम नुसता रिकामा करून पुन्हा भरला तर अंडी जागच्या जागी. तो आतून घासायला हवा, पाण्याच्या रेषेपाशी जास्त जोर लावून. पाणी जपून वापरणाऱ्या घराला ‘ड्रम ओता’ म्हणणं सोपं नाही. पाळीच्या आदल्या दिवशी, ड्रम तसाही तळाला गेलेला असताना, काथ्यानं घासून घ्या, हे मात्र कुणालाही जमतं. आमच्या वर्गानं गल्लीतल्या बायकांना नेमकं एवढंच सांगितलं. पत्रकं वाटली नाहीत, घोषणाही दिल्या नाहीत. अळीची बाटली मात्र सोबत नेली.

आमच्या वर्गात निम्म्या घरांत तेलुगू बोलायचे, काहींकडं कन्नड, बाकीच्यांकडं मराठी नाहीतर दखनी. साखर पेठेतल्या माझ्या मैत्रिणीनं तिच्या वाड्यात हे सगळं तेलुगूत सांगितलं. मी नुसती बाटली धरून उभी होते.

आता तिसरा प्रकल्प. हा माझा होता, आणि लिहिताना मन थोडं भरून येतं.

माझे बाबा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर आहेत. माग बिघडला की दुरुस्त करायचा, ही त्यांची नोकरी. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे हे सगळ्यांना माहीत असतं. ती चादर ज्या खोलीत विणली जाते तिथं काय आवाज असतो, ते आत गेल्याशिवाय कळत नाही. आडवा धागा नेणारा धोटा एका पेटीतून सुटतो, दुसऱ्या पेटीत आदळतो, परत फेकला जातो, मिनिटाला शंभरावर वेळा, आणि असे कितीतरी माग एका पत्र्याखाली. वर जकार्ड, म्हणजे नक्षी उठवणारं यंत्र. त्याच्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ खडखडत फिरत असते. कार्डावर भोक असेल तर सुई आत जाते, हूक उचलला जातो, त्याच्याबरोबर ताण्याचा, म्हणजे उभा धागा वर येतो. भोक नसेल तर धागा खाली राहतो. मोराचा पिसारा म्हणजे हजारो वेळा ‘आहे’ आणि ‘नाही’. जोसेफ मारी जाकारनं १८०४ साली फ्रान्समध्ये हे यंत्र बसवलं, आणि पुढं चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी भोकांच्या कार्डांची कल्पना तिथूनच उचलली. बाबांनी दिलेलं एक जुनं कार्ड मी शाळेत नेलं होतं. बाईंनी ते उजेडासमोर धरलं आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या.

बाबा घरी मोठ्यानं बोलतात. टीव्हीचा आवाज शेजारी ऐकू जाईल इतका असतो. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही, त्यांचा स्वभावच तसा, असं धरून चाललो होतो. आवाजाच्या धड्यात डेसिबल आला आणि बाईंनी विचारलं, आपल्या गावात सर्वांत मोठा आवाज कुठं असतो. कुणी गड्ड्याची यात्रा म्हणालं, कुणी डीजे म्हणालं. मी म्हणाले, कारखान्यात.

मालकांची परवानगी बाबांनीच काढली. फोनवर आवाज मोजायचं ॲप घेतलं. असं ॲप तंतोतंत बरोबर नसतं, हे बाईंनी आधीच बजावलं होतं. त्यामुळं आकड्यापेक्षा दोन जागांमधला फरक बघायचा ठरलं. “आवाज काय मोजतीस? आवाजच हाय की तो,” असं बाबा म्हणाले, आणि तरी माझ्याबरोबर फोन धरून उभे राहिले. गल्लीत सत्तरच्या आसपास, दारात नव्वदीला टेकलेला, दोन मागांच्या मधल्या बोळात सत्याण्णव-अठ्ठ्याण्णव. हे आकडे नुसते बघून फरक लहान वाटतो. पण डेसिबलचं माप असं आहे की दर तीन डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. दारापासून बोळापर्यंत ती पाच-सहा पट होते. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी नव्वद डेसिबल ही मर्यादा आहे, आणि बाबा त्या बोळात मी जन्मायच्या आधीपासून उभे आहेत.

हे डाव्या पानावर लिहिलं. उजव्या पानावर काय लिहायचं ते मला सुचेना, म्हणून बाईंना वही तशीच दिली. त्यांनी लाल पेन उचललं नाही. फक्त विचारलं, “आता काय करायचं?”

फोमचे कानात घालायचे प्लग मिळतात. कापसाच्या बोळ्यापेक्षा ते आवाज कितीतरी जास्त अडवतात, नीट बसवले तर. मी आणून दिले. बाबांनी काही दिवस वापरले आणि काढून ठेवले. कारण ऐकून मी गप्पच झाले. जॉबर माग कानानं तपासतो. धोटा पेटीत कसा बसतोय, कुठला पट्टा सैल पडलाय, कुठं तेल हवंय, हे त्यांना दहा मागांच्या गलक्यातून आवाजावरून कळतं. “कान बंद केला तर माझं कामच बंद की गं.” ज्या आवाजानं त्यांचं ऐकणं कमी केलं, तोच आवाज त्यांचं हत्यार होता. कुठल्याही पुस्तकात हे लिहिलेलं नव्हतं आणि कुठल्याही तयार मॉडेलमध्ये ते बसलं नसतं.

बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, हेच तपासायला हवं. प्लग घातल्यावर बिघाड खरंच कळत नाही, की कळणार नाही असं वाटतं? मग बाबांच्या एका सोबत्यानं मदत केली. बाबांनी पाठ करून उभं राहायचं, कधी प्लग घालून, कधी न घालता, आणि सोबत्यानं एका मागाचा पट्टा मुद्दाम जरासा ढिला करायचा किंवा करायचा नाही, त्याच्या मनाला येईल तसं. बाबांनी हात वर करून सांगायचं. प्लग घालूनही त्यांनी जवळजवळ प्रत्येक वेळी ओळखलं. प्लग सगळाच आवाज खाली आणतो, मागांचा गलका आणि बिघडलेल्या मागाचा आवाज यांच्यातला फरक बराचसा तसाच राहतो. बाबांना स्वतःला याचं सर्वांत जास्त आश्चर्य वाटलं. बोळातून नुसतं फिरताना ते आता प्लग घालतात. दुरुस्तीला वाकले की एका कानातला काढतात, अजूनही. सवय मोडत नाही आणि मी हट्ट करत नाही.

हा प्रकल्प आम्ही एका विज्ञान प्रदर्शनात मांडला. टेबलावर एक आलेख, एक वही, एक जकार्ड कार्ड. शेजारच्या टेबलांवर सिरिंजचा हायड्रॉलिक जेसीबी होता, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी होता, थर्माकोलच्या शेतात सलाईनच्या नळीचं ठिबक होतं. परीक्षक आले, आलेखावरून नजर फिरवली, “यात हलतं काय?” असं विचारलं आणि पुढं गेले. मला त्या वेळी वाईट वाटलं. आज त्यामागचं दुखणं मोठं दिसतं. बाजारात तयार मॉडेलं विकत मिळतात, आई-बाप रात्र जागून चिकटवून देतात, मुलं दिलेली चार वाक्यं पाठ म्हणतात. त्या मुलांचा यात काहीच दोष नाही. पण ज्वालामुखीत सोडा टाकला की फेस येणार हे आधीच ठरलेलं असतं. मुलीला त्यातून काही शोधायचं उरत नाही. प्रकल्पाला उत्तर आधी ठाऊक नसलेला प्रश्न हवा, आणि तो शोधायला लांब जावं लागत नाही. तो पाण्याच्या ड्रममध्ये असतो, बाबांच्या कानात असतो, जूनमध्ये आलेल्या आणि तुळजापूर रस्त्याला पडून आपल्याकडं न आलेल्या पावसात असतो. जिल्ह्यातल्या प्रत्येक प्रदर्शनात असे प्रश्न घेऊन येणाऱ्या मुलांसाठी वेगळी रांग असावी, एवढं तरी करता येईल.

पावसावरून आठवलं. नववीचं वर्ष कोरोनात गेलं. शाळा बंद, शनिवार सुनसान. बाईंनी जोडतास सोडला नाही, तो फोनवर आणला. पर्जन्यमापक करायला सांगितलं: सरळ कडांची प्लास्टिकची बाटली, वरचा भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा बसवायचा, तळ खडबडीत असतो म्हणून आत खडे आणि पाणी घालून शून्याची खूण करायची, बाहेर पट्टी चिकटवायची. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. रोज सकाळी ठरल्या वेळी वाचून ग्रुपवर टाकायचं. विजापूर रोड, जुळे सोलापूर, अशोक चौक, होटगी रोड, बाळे. एकाच संध्याकाळच्या पावसाचे आकडे एकमेकांशी अजिबात जुळत नव्हते. एका गच्चीवर वीस मिलिमीटर आणि दुसरीवर जेमतेम दोन. पेपरात येणारा सोलापूरचा पाऊस हा एका जागेचा पाऊस असतो, हे तेव्हा ध्यानात आलं.

त्याच्या आधीच्या दोन पावसाळ्यांत, २०१८ आणि २०१९ मध्ये, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं सोलापूर परिसरात ढगांवर प्रयोग केले होते. रडार बसवलं होतं, विमानातून ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराईडचे सूक्ष्म कण सोडले जायचे. हे कण ओलावा ओढून घेतात, थेंब मोठे होतात, एकमेकांवर आदळून पावसाचे होतात. गावात सगळे कृत्रिम पाऊस म्हणायचे आणि पाडला की नाही पाडला यावर पारावर वाद रंगायचे. बारावीत असताना, २०२३ मध्ये, त्याचे निष्कर्ष बाहेर आले: असे कण सोडलेल्या ढगांमुळं काही भागात पाऊस सुमारे १८ टक्क्यांनी वाढला. त्या आकड्यापेक्षा मला तो काढायची रीत मोलाची वाटली. एखाद्या ढगावर कण सोडले आणि पाऊस पडला, तर तो तसाही पडला असता का? हे त्या एका ढगाकडं बघून कधीच सांगता येत नाही. म्हणून योग्य ढग निवडल्यावर कुणावर कण सोडायचे आणि कुणाला तसंच ठेवायचं, हे आपल्या मर्जीवर न ठेवता नशिबावर सोडतात, आणि मग दोन्ही गटांची तुलना करतात. वाचता वाचता मला बाबांचा सोबती आठवला, मनाला येईल तसा पट्टा ढिला करणारा.

यंदा उन्हाळ्यात आमच्या शेजारचा आठवीतला मुलगा थर्माकोल मागायला आला. सुट्टीतला प्रकल्प होता आणि त्याला धरण करायचं होतं. त्याच्या घरच्या दारात दोन माठ आहेत, एक यंदाचा आणि एक जुना. मी त्याला थर्मामीटर दिला. बाहेर एक्केचाळीस अंश होते तेव्हा नव्या माठातलं पाणी सत्तावीसला होतं आणि जुन्यातलं तिसाच्याही वर. दोघांनी मिळून हिशेब केला. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता निघून जाते, म्हणजे दहा लिटर पाणी दहा अंशांनी गार व्हायला पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास पाणी उडावं लागतं, साधारण एक फुलपात्र भरून. बाहेरून येणारी उष्णता धरली तर थोडं जास्तच. मग त्यानं दोन्ही माठ रात्री वजनकाट्यावर ठेवले, सकाळी पुन्हा ठेवले. जुन्या माठातून पाणी कमी उडत होतं.

“का पण, ताई?”

मला वाटतं, बोअरच्या जड पाण्यातला क्षार माठाच्या छिद्रांत बसत असावा. हे उजव्या पानावरचं झालं, असं मी त्याला सांगितलं. धरण त्याच्या डोक्यातून गेलं आहे. त्यानं आईकडून कुंभारवाड्यातले दोन सारखे नवे माठ आणवलेत. एकात फक्त बोअरचं पाणी भरायचं आणि दुसऱ्यात फक्त नळाचं, आणि दर शनिवारी दोन्ही वजन करायचे. नळाचं पाणी पाळीच्या मधल्या दिवसांत संपलं तर काय करायचं, यावर त्याचं आणि त्याच्या आईचं अजून एकमत झालेलं नाही.